आयफेल टॉवरसमोरच्या दशम्या

मंडळी, आज दुपारी माझी लेक केतकी आली आणि म्हणाली, "आई, आम्ही पॅरिसला चाललोय. तुझ्या त्या दशम्या हव्यात." मी उडालेच!

शहाऐंशी साली अमेरिकेतल्या पार्सिपनीहून भारतात जाताना आम्ही वाटेत युरोपचा स्टॉपओव्हर घेतला होता. ह्यांची नोकरी नवी, खिसा बेताचा. म्हणून दुधात कणीक मळून, चार दिवस टिकतील अशा दशम्या मी घरूनच नेल्या. आयफेल टॉवरसमोर बाकावर डबा उघडला, तर आठ वर्षांची केतकी पाठ फिरवून बसली. "एव्हरीबडी इज लुकिंग, आई!" मला लागलं, पण डबा काही मी झाकला नाही. त्याच डब्यावर आम्ही दोन देश पाहिले.

आज ती डॉक्टर आहे, कुठल्याही रेस्टॉरंटमध्ये जेवू शकते. म्हटलं, "आता कशाला गं?"

"मुलांना तो बाक दाखवायचाय. रिकाम्या हाताने कसा दाखवू?"

खरं सांगते, तिच्या डिग्रीच्या वेळीही मी एवढी फुगले नव्हते.

तुमच्या मुलांना लाज वाटायची असं काय होतं हो तुमच्या डब्यात? सांगा, मी वाचतेय. दशम्या मी करत नाहीये. पाठ फिरवून बसलेली ती पोरगी माझ्या ओट्यापाशी उभी राहून कणीक मळतेय.