न दाबता बसलेलं बटण

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे लिंबू फक्त जेवणात वापरतात. लहानपणी कुणी चिंचेवरच्या हडळीचं काढलं की वडील विचारायचे, "तू पाहिलीस का? न्हाई ना? मग गप जेव." अशा घरातला माणूस हे लिहितोय, एवढं लक्षात ठेवून वाचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला, आणि मोठा भाऊ सुधाकरदादा नेवाशाला शाळेत शिक्षक. दादाची भीमगीतांची पार्टी होती. एप्रिल-मे म्हणजे जयंत्यांचा सीझन, रोज नवं गाव. दादा गायचा आणि मी गिटार वाजवायचो. दादाचा आवाज असा होता की लोक हातातला चहा प्यायचं विसरायचे. भाऊ म्हणून सांगत नाही, ऐकलेल्या कुणालाही विचारा.

त्या वर्षी मी मुंबईच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून गिटारचा ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी, घेतला. त्याच्या पाठीला पाच पिनांचं गोल सॉकेट होतं — मिडीचं. त्यात वायर लावून दुसरं टोक पायाने दाबायच्या बटणांच्या पट्टीला जोडायचं. मग वाजवता वाजवता पायाने बटण दाबलं की ॲम्पचा आवाज बदलतो. गंमत म्हणजे त्या वायरीतून आवाज जातच नाही, फक्त हुकूम जातो... 'एक नंबर', 'दोन नंबर'. दोघांचा चॅनल जुळवून ते एकमेकांशी बोलायला लागेपर्यंत माझे कित्येक रविवार गेले. दादा त्या पट्टीला पायपेटी म्हणायचा. "आमच्या मास्तरची पायपेटी आली का रे?" अशी रोज थट्टा. एक नंबरला साधा आवाज, दोनला घुमणारा, तीनला फाटका, आणि चारला मी आवाज शून्यावर ठेवला होता. दादा बोलत असताना मागे गिटारची घरघर नको म्हणून.

नेवासा तालुक्यातलं एक गाव. नाव मुद्दाम देत नाही, तिथल्या लोकांचा काही दोष नव्हता. दिवस अजून चांगला वर होता, समाजमंदिरासमोर तक्तपोसांचं स्टेज, मागे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. आमच्यात अशा स्टेजवर कुणी चप्पल घालून चढत नाही. मीही पायरीशी काढली आणि नेहमीसारखा अनवाणी वाजवायला उभा राहिलो. माईकची लाईट मंडपवाल्याची, खांबावरून घेतलेली. माझ्या जड ॲम्पला वेगळी लाईट हवी म्हणून साउंडवाल्याने समाजमंदिरातून वायर ओढली. तीन पिनांचा प्लग तिथल्या बोर्डात बसेना, तेव्हा त्याने वायरी सोलून सरळ भोकांत खोचल्या आणि काडेपेटीच्या काड्या ठोकून घट्ट केल्या. सगळीकडे हेच चालायचं.

मी गिटार गळ्यात घालून एक, दोन, तीन दाबून पाहिलं. सगळं झकास. साउंडवाला खालून ओरडला, "गिटारवाले, माईकमधी बोला की जरा!"

पट्टीच्या पुढेच माईक होता. मी पट्टीच्या कडेवर पाय टेकून माईककडे वाकलो... आणि अंगठ्याजवळचं चार नंबरचं बटण खाली गेलं. मी दाबलं नव्हतं. अनवाणी पायाला कळतं हो! माझा अंगठा नुसता टेकलेला होता आणि त्याच्या खालून बटण निसटून आत गेलं, जसं शेजारी दुसऱ्या कुणाचं पाऊल पडावं. ॲम्प गप्प.

चुकून दाबलं गेलं असेल म्हणून मी मागे सरकून एक नंबर दाबला. आवाज आला. पुन्हा माईककडे वाकलो, पुन्हा तेच. या वेळी मी मान खाली घालून पाहत होतो. बटण गेलं, पट्टीवरचा लाल आकडा चार झाला, आणि माझा पाय वीतभर लांब होता.

मग मात्र माझं डोकं फिरलं. पुन्हा एक नंबर दाबला आणि ॲम्पच्या मागची मिडीची वायरच उपटली. म्हटलं, आता बस हुकूम देत! वायर हातात धरून, गिटार गळ्यात तशीच, माईककडे दोन पावलं टाकली — आणि ॲम्पवरचा आकडा आपोआप एकावरून चारावर गेला.

भर उन्हात माझ्या पाठीवरून गार घाम उतरला. मी सरळ गिटार काढून स्टुलावर ठेवली आणि ॲम्पच्या मागे जाऊन बसलो. मला तिथून पळून जायचं होतं, खोटं का सांगू?

तेवढ्यात दादा स्टेजवर आला. खाली बायका-माणसं जमायला लागली होती. "आरं, काय खेळत बसलायस? लोक आलेत."

"दादा, थांब जरा. ॲम्पचं काहीतरी बिघडलंय, आवाज बंद पडतोय."

"बघू." त्याने स्टुलावरची गिटार उचलली आणि तारांवरून हात फिरवला.

गिटार वाजली. स्वच्छ, मोठी, अंगणभर. मी ॲम्पकडे पाहिलं, आकडा एक. मी कशालाही हात लावला नव्हता.

"चांगलं वाजतंय की लेका," दादा हसला. एका हाताने तारा धरून दुसऱ्या हाताने त्याने माईकचा लोखंडी दांडा जवळ ओढला, आणि तो "हॅलो" म्हणाला. अर्धंच म्हणाला.

साउंडवाल्याने वायर ओढून काढेपर्यंत फार उशीर झाला होता. दवाखान्यात नेला, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझा दादा गेला.

आमच्या कंपनीतल्या इलेक्ट्रिकलच्या साहेबांनी नंतर ॲम्प उघडला. अर्थिंग नव्हतं, त्यामुळे ॲम्पच्या पत्र्यात आणि गिटारच्या तारांत करंट उतरला होता. माईक दुसऱ्या लाईटवर, दोन्ही एकदम धरले की माणूस संपला. माझे हात तारांवर होते आणि ओठ माईकला लागायचेच बाकी होते. आकडा बदलला त्याचंही कारण त्यांनी दिलं, भटक्या करंटने मशीन वेड्यासारखं करतं म्हणाले. बटणाचं विचारलं तेव्हा त्यांनी पट्टी उलटीपालटी करून पाहिली, आतली स्प्रिंग दाखवली आणि म्हणाले, "हे वरून दाबल्याशिवाय बसत नाही." मग पट्टी माझ्या हातात परत दिली.

वडिलांना मी हे सांगितलं नाही. शोभावहिनीला, दादाच्या बायकोला, मात्र वर्षभराने सांगितलं. वाटलं, मला कुणीतरी अडवत होतं हे ऐकून तिला बरं वाटेल. काय डोकं म्हणायचं माझं!

ती ज्वारी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत. मग सुपाकडे बघतच म्हणाली, "तुमाला तीनदा आडवलं व्हय भाऊजी? मग ह्यांच्या हातात गेल्यावर वाजू का दिलं?"