खड्ड्यातला गाळ

बळवंतकाकांबद्दल कुणी विचारलं की लोक म्हणतात, फार साधा माणूस होता. साधा कसला? अतिशय हट्टी होते. मी त्यांच्यासमोर वाढले, मला ठाऊक आहे. आणि त्यांच्याशी मी जशी वागले तेही फक्त मलाच ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले.

दिल्लीत सरोजिनी नगरात आमचं सरकारी क्वार्टर खाली, काकांच्या मुलाचं वर. काका रिटायर होऊन मुलाकडे राहायला आले होते. त्यांची तीस वर्षं तेलाच्या विहिरींवर गेली, आधी गुजरातेत, मग आसामात. जमिनीत भोक पाडताना पात्याला थंड ठेवायला एक दाट रबडी आत सोडतात. इंग्रजीत तिला ड्रिलिंग मड म्हणतात. त्यात खार असतो, डिझेल असतं, रसायनं असतात. ती वर आली की मोठ्या खड्ड्यात साठवतात, आणि काकांचं काम त्या खड्ड्याचं. खड्ड्याला जाड प्लास्टिकचं अस्तर घालायचं, म्हणजे खालच्या पाण्यात काही झिरपणार नाही. भोवती कुंपण घालायचं, म्हणजे गुरं तोंड लावणार नाहीत. काम संपलं की सगळं नीट गाडायचं आणि जागा होती तशी करून द्यायची.

अस्तर टाकण्याआधी काका खड्ड्याच्या तळाशी अनवाणी चालत. सगळा तळ, इंच इंच. "जे पायाला टोचतं ते प्लास्टिकला टोचणार," असं म्हणायचे. साहेब लोक हसायचे म्हणे. त्यांच्या तळपायांना जुन्या काट्यांचे काळे ठिपके होते. लहानपणी मी ते मोजायचे.

मी मोठी झाले आणि हे सगळं मला गावंढळ वाटायला लागलं. नव्व्याण्णव साली गुडगावला काचेच्या बिल्डिंगमध्ये मला नोकरी लागली. सरोजिनी नगरहून चार्टर्ड बसने जायचं, गळ्यात कार्ड, टेबलावर कम्प्युटर. कॉलनीत माझा काय भाव वाढला होता. कंपनी विदर्भात शेलूखडकी नावाच्या गावाजवळ गॅससाठी विहीर खणणार होती. गावकऱ्यांना वाटायला मराठी पत्रक हवं होतं, आणि अख्ख्या ऑफिसात मराठी मी एकटी. चढ्ढा साहेब म्हणाले, "प्रणिता, तुम कर दो यार, तुम्हारी तो मदर टंग है."

मदर टंग! पहाडगंजच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली मी, पुढे सगळं हिंदी-इंग्रजी. गाव म्हणजे सुट्टीत जायची जागा. पण नाही कशाला म्हणू? घरी येऊन ऐटीत सांगितलं. काका तिथेच चहा पीत बसले होते. म्हणाले, "छापायच्या आधी मला एकदा दाखव गं. हे शब्द अवघड असतात."

"बिल्कुल, काका," म्हटलं, आणि दाखवलं नाही. म्हटलं, बारावी नापास माणूस मला काय मराठी शिकवणार.

आठ दिवसांनी काका ऑफिसात उभे. दोन बस बदलून आलेले, डोक्याला माकडटोपी, पायात तेलविहिरीवरचे जुने बूट, हातात घडी घातलेला कागद. "तुला वेळ होत नाही, म्हणून मीच चार शब्द लिहून आणले," म्हणाले. रिसेप्शनवरची मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला इंग्रजीत म्हटलं, ओळखीतले कुणी आहेत, आमच्या घरची कामं बघतात. काका तीस वर्षं इंजिनियरांबरोबर राहिलेले. त्यांना इंग्रजी कळत होतं. कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "चलो, बस चुकेल." पाणीसुद्धा न पिता गेले. तो कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला आणि उघडला नाही.

पत्रक छापलं. मडला मी 'गाळ' लिहिलं. 'खड्ड्यातील गाळ वाळवून नंतर त्याची विल्हेवाट लावण्यात येईल.' वाक्य मला फार झोकदार वाटलं होतं.

विहिरीत काही मिळालं नाही. कंपनीने गाशा गुंडाळला, खड्डा तसाच उघडा ठेवून. तो आज बुजवू, उद्या बुजवू, असं चाललं होतं. पुढल्या ऑगस्टमध्ये गावातल्या शाळेच्या शंकर गुरुजींचं पत्र आलं. मराठी, म्हणून माझ्याच टेबलावर. इंग्रजी करून द्यायचं होतं.

गुरुजींनी लिहिलं होतं : 'तलावाचा गाळ आम्ही दर उन्हाळ्यात शेतात टाकतो, त्याने जमीन कसदार होते. आपल्या पत्रकात गाळ असं वाचलं आणि आपण तो टाकूनच देणार म्हणून विठाबाईंनी सहा गाड्या भरून नेला. आता त्यांच्या दोन एकरांत एक कोंब नाही. पाऊस उघडला की जमिनीवर पांढरा थर येतो. बाई एकट्या आहेत, दुसरं शेत नाही. यात विष आहे असं एका शब्दानेही कळवलं असतं, तर कुणी हात लावला नसता.'

मी ड्रॉवर उघडला. काकांचा कागद खालीच होता. पहिली ओळ अशी : 'मडला गाळ लिहू नकोस. शेतकरी उचलून नेतील. औषध कालवलेली माती लिही, फवारायचं औषध म्हटलं की गावात कुणीही लांब राहतं.'

माझे कान तापले. माझ्याकडून चूक झाली हे तेव्हा मला स्वच्छ कळलं होतं, म्हणून पुढचं जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही. मी पत्राचं इंग्रजी केलं आणि पत्रकाचं वाक्य गाळलं. लिहिलं, गावकऱ्यांनी खड्ड्यातली माती परस्पर नेऊन शेतात टाकली, आता मार्गदर्शन मागत आहेत. चढ्ढा साहेबांनी वाचलं. "अपने आप उठाई? तो हम क्या करें?" फाइल बंद झाली. त्या गुरुजींचं अक्षर इतकं सुंदर होतं, आणि अख्ख्या इमारतीत ते वाचू शकणारी मी एकटी.

चार दिवस अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी वर गेले आणि उगाच विचारल्यासारखं विचारलं, "काका, मड शेतात गेलं तर काय होतं हो?"

काकांनी पेपर खाली ठेवला. "कुणाच्या शेतात गेलं?"

मग सगळं सांगावं लागलं. पत्रक दाखवलं, गुरुजींचं पत्र दाखवलं, माझं इंग्रजी दाखवलं. काकांनी तिन्ही वाचली. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "खरवडून काढलं तर जमीन वाचेल. पुढच्या पावसाच्या आत करायला हवं. चल माझ्याबरोबर, आठ दिवसांचं काम आहे."

"सुट्टी मिळणार नाही, काका."

माझी अकरा दिवसांची सुट्टी शिल्लक होती.

काका एकटे गेले, दिवाळी झाल्यावर. मुलाला नागपूरला लग्न आहे म्हणून सांगितलं. सत्तर वर्षांचा माणूस, गुडघे कामातून गेलेले, तिथे तीन आठवडे राहिला. हे मला कळलं ते गुरुजींच्या दुसऱ्या पत्रातून. तेही माझ्याच टेबलावर आलं. काकांनी गावकऱ्यांना हाताशी धरून शेतातला वरचा थर खरवडून काढला होता. कंपनीच्या खड्ड्यात नवं प्लास्टिक अंथरून सगळी माती परत त्यात भरली, वर चांगली माती लोटली. प्लास्टिक टाकण्याआधी खड्ड्यात अनवाणी चालले, याचं गुरुजींना नवल वाटलं होतं. खार मारायला शेताला जिप्सम घातलं, खारं पाणी निघून जायला चर काढले. आणि शेवटी गुरुजींनी लिहिलं होतं : 'पत्रकातला तो शब्द मीच लिहिला, असं त्यांनी चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं आणि विठाबाईंची हात जोडून माफी मागितली. असा माणूस पाठवल्याबद्दल कंपनीचे आभार.'

या पत्राचं इंग्रजी मी शब्दाला शब्द अचूक केलं. चढ्ढा साहेब खूश झाले. "ये बळवंत कौन है? हमने तो किसी को नहीं भेजा."

मी म्हटलं, पता नहीं सर.

काका परतले ते एका पायाला पट्टी बांधून. मी वर गेले, दाराशी उभी राहिले. म्हणाले, "तुझं नाव घेतलं नाही मी. घ्यायचं तर तू घे." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला पूर्वीसारखंच प्रणू म्हणायचे. ते मला सोसत नसे, म्हणून मी वर जाणं कमी केलं.

दोन वर्षांनी विठाबाईंच्या शेतात जवसाचं पीक आलं. त्यांनी जवसाची चटणी करून, फडक्यात बांधून काकांना पाठवली. काका पुडी घेऊन खाली आले, आमच्या ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "ही तुझ्यासाठी. माझ्या पत्त्यावर आली एवढंच."

आईने माझ्या ताटात भाकरीशेजारी ती वाढली, वर तेल सोडलं. स्वतः चाखून म्हणाली, "काय खमंग झालीय. कुणी पाठवली गं?"

काका अजून दारातच होते, चपला घालत.

मी म्हटलं, "काकांच्या ओळखीतलं कुणी आहे."