म्हातारी, भामटं आणि दाराशी ठेवलेली पेटी

आमच्याकडे आता एकच बोका आहे आणि तो दिवसभर झोपलेला असतो. पाहुणे म्हणतात, किती शहाणा आहे हो! मी मान डोलावते. याच गृहस्थांनी एके काळी आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमधला एकही पडदा धड ठेवला नव्हता, हे पाहुण्यांना सांगून काय उपयोग?

तो यायच्या आधी घरात एक मांजर होतीच. ती बाबांबरोबर इगतपुरीहून आली होती. आई गेल्यावर मी बाबांना नाशिकला घेऊन आले, तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी सोबत घेतल्या. एक त्यांची काळी लोखंडी पेटी आणि दुसरी झाकणाच्या टोपलीत बसून वाटभर ओरडणारी, एक कान फाटलेली करडी मांजर. आम्ही तिला म्हातारीच म्हणायचो. बाबा म्हणायचे, "तिला कशाला म्हातारी म्हणता, ती माझ्याहून तरुण आहे."

बाबा मालगाडीवर गार्ड होते. कधी बोलावणं येईल याचा नेम नसायचा, म्हणून पेटी कायम भरलेली आणि दाराशी. रिटायर होऊन किती वर्षं झाली होती, पण माझ्या घरी आल्यावरही त्यांनी ती पेटी हॉलच्या दाराशीच ठेवली. मी त्यांच्यासाठी कपाटातले दोन खण रिकामे करून, नवे कागद अंथरून ठेवले होते. त्यांनी ते बघितले, "छान आहेत," म्हणाले आणि रोज अंघोळीनंतर पेटीतूनच सदरा काढत राहिले. धुतलेले कपडेही घडी करून परत पेटीत. किती दिवस राहणार, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "बघू चार दिवस." मला या चार दिवसांचा भयंकर राग यायचा. पोटच्या पोरीच्या घरी माणूस वेटिंग रूममध्ये बसल्यासारखा बसतो, याला काय म्हणायचं?

नाशिकचं त्यांना काहीच पटायचं नाही. पाऊस आला की खिडकीत उभं राहून म्हणायचे, "याला तुम्ही पाऊस म्हणता? हे तर शिंतोडे." खरंच होतं ते. इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये चार-चार महिने कपडे वाळायचे नाहीत. आई शेगडीवर मोठी टोपली पालथी घालायची, तिच्यावर आमचे युनिफॉर्म पसरायची आणि शेगडीच्या उबेला कुठलं ना कुठलं मांजर येऊन झोपायचं. त्या धुरकट युनिफॉर्मचा वास मला अजून आठवतो. शाळेत तेव्हा लाज वाटायची, आता कुठे मिळाला तर छाती भरून घेईन.

आई कुणाचंही पान वाढायच्या आधी मांजराचा घास काढायची. पितळेच्या छोट्या वाटीत दूधभात, ओट्याखाली. "मुक्या जिवाचं आधी," एवढंच म्हणायची. आईमागे बाबांनी ते व्रत उचललं आणि त्यात स्वतःचा रेल्वेचा नियम घातला. म्हातारीची वाटी रिकामी झाल्याशिवाय ते पानावर बसत नसत. सिग्नल पडल्याशिवाय गाडी हलणार नाही, तसं.

अशात माझ्या लेकीने पिल्लू आणलं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आमच्या पार्किंगमधल्या मांजरीने मीटरच्या पेटीपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळी घरं केली आणि शेवटी एक पिल्लू विसरून निघून गेली. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं! लेक कॉलेजात जाणारी, मोबाइलवर बघून मला शिकवायला लागली, की दोघांना आधी वेगळं ठेवायचं, एकीचं फडकं दुसऱ्याला चोळायचं, वास ओळखीचा करायचा. बाबा म्हणाले, "आमच्या वेळी मांजरं न शिकवता ओळख करून घ्यायची. सोड त्याला खाली."

सोडलं. पिल्लू म्हणजे मूठभर जीव आणि खंडीभर ऊर्जा. अंग फुगवून, तिरकं तिरकं उड्या मारत ते थेट म्हातारीवर चालून गेलं. म्हातारी फिस्कारली. त्याला वाटलं, खेळच सुरू झाला. तिने एक सणसणीत चपराक दिली, तर ते कोलांटी खाऊन उठलं आणि तिच्या शेपटीला लोंबकळलं. म्हातारी उडी मारून पेटीवर जाऊन बसली आणि तिने बाबांकडे असं बघितलं, की "हे तुम्ही काय करून ठेवलंत?" बाबांनी नजर चुकवली. पिल्लाचं नाव त्या क्षणी भामटं पडलं.

पुढे त्याने केर काढताना झाडूवर हल्ले केले, चिवड्याच्या डब्यात डोकं अडकवून घेतलं, भरल्या बादलीत पडून सगळ्यांना पळवलं. ते सगळं चाललं असतं. पण जेवायच्या वेळी त्याने म्हातारीच्या वाटीवर झडप घातली आणि आईच्या हातची रीत एका मिनिटात चाटून पुसून साफ केली. मी दुसऱ्यांदा वाटी भरली, म्हातारीने तोंड लावलं नाही. ती जेवेना म्हणून बाबा जेवेनात.

बाबांना शुगर होती. गोळी घेऊन उपाशी बसलेला म्हातारा माणूस घरात असला की कसं वाटतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. मग आम्ही भामट्याला जेवायच्या वेळी बाथरूममध्ये कोंडायला लागलो. ते आत असं केकाटायचं की खालच्या मजल्यावरून विचारणा व्हायची. एवढं करूनही म्हातारी वाटीकडे ढुंकून बघेना. बाथरूमच्या दाराकडे तोंड करून बसायची, शेपूट आपटायची, घशात गुरगुरायची. डूख धरलाय मेलीने, असं मी म्हणायचे. बाबा चहा-बिस्किटावर राहायला लागले.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "उद्या दुपारच्या गाडीने आम्ही दोघं इगतपुरीच्या घरी जातो. तिचं घर तिला बरं."

माझा पारा चढला. "मांजराचं निमित्त कशाला करता? पेटी तर पहिल्या दिवसापासून दाराशी आहे तुमची! तिकडे कोण आहे आता? कोण वाढणार आहे तुम्हाला?"

बोलायला नको होतं, ते मी बोलून बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. मला बाबा हवे होते घरात. इतकं साधं वाक्य मला त्यांच्यासमोर कधी म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या आवडीचं पिठलं आणि तांदळाची भाकरी केली. टोपली दाराशी, पेटीला कुलूप. लेक कॉलेजला गेली होती, भामटं बाथरूममध्ये गळा काढत होतं. मी वाटी ठेवली. म्हातारीने वास घेतला, वाटी तशीच सोडली आणि बाथरूमच्या दारापाशी जाऊन पंजाने दार खरवडायला लागली.

"बघा," मी म्हणाले, "अजून राग जात नाही तिचा."

बाबा बराच वेळ बघत राहिले. "राग नाहीये गं हा," ते म्हणाले. "तू लहानपणी डांग्या खोकल्याने रात्रंदिवस रडायचीस. मी ड्युटीवरून आलो की तुझी आई मला वाढायची, पण स्वतःचं ताट तसंच. जेव म्हटलं की म्हणायची, लेकरू रडत असताना घास उतरतो होय?" ते उठले. "हिने किती वेतांची पिल्लं वाढवलीत आपल्या इगतपुरीच्या घरात. आणि आपण पोर कोंडून तिला जेव म्हणतोय."

त्यांनी कडी काढली. भामटं सुटलं ते थेट वाटीत तोंड घालून थांबलं. म्हातारी त्याच्यामागून आली, फिस्कारली, एक टपलीही दिली, पण नखं आत ठेवून. मग शेजारी बसून राहिली. त्याचं पोट भरल्यावर तिने त्याची मान पंजाखाली दाबली आणि दूध माखलेलं तोंड खसाखसा चाटून काढलं. ते ओरडत होतं, ती सोडत नव्हती. बाबांनी वाटी पुन्हा भरली. म्हातारी खाली वाकली आणि शेवटच्या शितापर्यंत जेवली.

"वाढ," बाबा म्हणाले. ते दोन भाकरी जेवले. गाडीची वेळ झाली आणि गेली. तिचं नाव त्यांनीही काढलं नाही, मीही नाही.

संध्याकाळी मी भाजी निवडत होते, तेव्हा पेटीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. बाबा कपड्यांची चवड हातात घेऊन उभे होते.

"ते दोन खण अजून रिकामे आहेत का?"

"तुमचेच आहेत," मी म्हणाले.

त्यांनी सगळे कपडे स्वतः लावले. रिकाम्या पेटीत आईचं जुनं लुगडं चौघडी करून अंथरलं. त्या दिवसापासून दोन्ही मांजरं त्यातच झोपायची, एकमेकांना फिस्कारत आणि एकमेकांना चिकटून. बाबा शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले. पाऊस मात्र त्यांनी कधी मान्य केला नाही.

म्हातारी गेली, मग बाबाही गेले. पेटी तिथेच आहे, झाकण उघडं, आत बोका घोरतोय. मी अजून आधी त्याचा घास काढते. परवा लेक सुट्टीला आली होती, कपाट आवरताना म्हणाली, "आई, आजोबांचे हे दोन खण आता रिकामे करूया का?"

मी नको म्हणाले. ते रिकामे असताना कसे दिसतात, ते बाबांची पेटी भरलेली होती तेव्हा मी रोज बघत होते.