त्यांना मुंबईला जायचंच नव्हतं

"एक जगला, दुसऱ्याने दिवस काढले."

पुण्याहून आलेले प्राध्यापक माइकसमोर हे वाक्य म्हणाले आणि थांबले. बुलढाण्याच्या त्या सभागृहात टाळ्या पडल्या. दुसरा म्हणजे माझे वडील. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. रागाने माझी कानशिलं तापली.

कार्यक्रम आमच्या जिल्ह्यातल्या दोन आधुनिक चित्रकारांवर होता. दोघंही आता नाहीत. एक माझे वडील, खामगावच्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक. दुसरे त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. मी त्यांना काका म्हणायची. दोघं एकाच गल्लीत वाढले, एकाच ठिकाणी चित्रकला शिकले, गावी परतले, दोघांची लग्नं झाली. मग काका बायको आणि दोन मुलींना खामगावात सोडून मुंबईला गेले, ते परत राहायला आलेच नाहीत. तिथे त्यांचं नाव झालं. वडील निवृत्त होईपर्यंत शाळेत शिकवत राहिले.

मंचावर दोघांचं एकेक चित्र ठेवलं होतं. काकांचं भलंमोठं. लाल रंगावर कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेली जाड काळी रेष. वडिलांचं आमच्या घरून नेलेलं, हार्डबोर्डवरचं, बसच्या खिडकीएवढं. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याची पत्र्याची छपरं आहेत ती, पण ते सांगावं लागतं. पाहणाऱ्याला राखाडी-हिरवे पट्टेच दिसतात.

"ही रेष पाहा," प्राध्यापक म्हणाले. "एका श्वासात मारलेली. घरदार झुगारून देणाऱ्या माणसालाच अशी रेष सुचते. आणि इकडे पाहा, रंग कसे दबकत दबकत शेजारी बसलेत. जबाबदारीच्या साखळीने बांधलेली ही कला आहे."

मी या दोघांनाही चित्र काढताना पाहिलंय. काका गाव सोडण्याआधी एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात काम करायचे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. ती एका श्वासातली रेष ते जुन्या वर्तमानपत्रांवर आठवडेच्या आठवडे गिरवत. मग कॅनव्हासवर दोरी ताणायची, खडूने खुणा करायच्या, लांब जाऊन पाहायचं, पुसायचं, परत खुणा करायच्या. रंग वाळल्यावरही कडा ब्लेडने खरवडून सारख्या करत. मी मध्येच काही विचारलं की ओरडत, "चूप बस बे, हात हालते माहा!" चित्राच्या बाबतीत इतका सावध माणूस मी दुसरा पाहिला नाही. घराच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी कुठे जायची कोण जाणे.

वडिलांचं उलट. शाळा, ग्रेड परीक्षेची पोरं, किराणा, दळण, सगळं ठरल्या वेळी. रविवारी सकाळी मात्र मागच्या अंगणात बोर्ड भिंतीला टेकवायचा आणि सुटायचं. ब्रश कमी, चिंधी आणि बोटं जास्त. एकदा लावलेल्या रंगाला पुन्हा हात लावत नसत. आईने जेवायला हाक मारेपर्यंत चित्र झालं तर झालं, नाही तर दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या बंबात.

"जरा थांबून पाहा ना मंग," आई म्हणायची.

"थांबलं का मेलं ते," ते म्हणायचे.

म्हणजे पळून गेलेला माणूस मोजून-मापून काढायचा आणि घरी राहिलेला बेफाम. वडिलांच्या बोर्डाजवळ जाऊन तिरपं पाहिलं तर रंगाचे गोळे दिसतात, बोटांचे ओरखडे दिसतात. प्राध्यापक जवळ गेलेच नव्हते. त्यांनी आधी दोघांची आयुष्यं ऐकली होती आणि मग तीच चित्रांत शोधली.

आणि साखळी कसली? ते निवृत्त झाल्यावर मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं, "बाबा, तुम्ही काऊन नाही गेले मुंबईले?"

"मले जायचंच नोतं," ते म्हणाले. "मले जे काढाचं होतं ते इथंच होतं. पन हे कोनी खरंच मानत नाई. तुही माय बी नाई मानत. तिले वाटते, तिच्यापाई राह्यलो." बोलताना ते चिडले होते. जन्मभर लोक त्यांची कीव करत आले होते, आणि ज्याची कीव करायची असं त्यांना काही झालंच नव्हतं.

पण वडिलांचाही मला राग आहे. काका गेले तेव्हा आईने त्यांना शिव्या घातल्या, तर हे म्हणाले, "कलावंत हाय तो. समजून घ्या लागते." काय समजून घ्यायचं? काकूंची धाकटी तापाने फणफणली तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस माझी आई बसली होती. कलावंत दिवाळीलाही आला नाही.

भाषणानंतर काकूंचा सत्कार झाला. शाल, नारळ. "यांच्या त्यागामुळेच महाराष्ट्राला एक मोठा चित्रकार मिळाला," निवेदिका म्हणाली. काकू आता थकल्यात, पण त्यांनी तिच्या हातातून माइक घेतला.

"त्याग म्या नाई केला. मले कोनी इचारलं बी नाई. तो निंघून गेला."

सभागृहात हशा पिकला! म्हातारी गंमत करतेय असं वाटलं लोकांना. "वा, काय अस्सल वऱ्हाडी!" म्हणत प्राध्यापकांनीही टाळ्या वाजवल्या.

मग मी उठले. गोदाम, दोरी, खडू, रविवारची चिंधी, सगळं सांगितलं. प्राध्यापकांनी मान तिरकी करून ऐकून घेतलं.

"ताई, मुलीच्या भावना मी समजू शकतो."

"भावना नाहीत. मी पाहिलेलं सांगतेय."

"बरोबर आहे. पण कलेतलं सत्य डोळ्यांनी पाहिलेल्या सत्यापेक्षा वेगळं असतं."

वडिलांचा बोर्ड त्या सभागृहात कायमचा लावायचं ठरलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. खाली लावायची पाटीही तयार होती, तेच टाळ्यांचं वाक्य लिहिलेली. मी मंचावर गेले आणि बोर्ड उचलला. आयोजक मागे धावले. "मॅडम, असं कसं? पाटीचं काय करू?"

"तुमच्या वडिलांच्या फोटोखाली लावा," मी म्हटलं.

काकू माझ्यासोबतच आल्या होत्या. त्यांनी सत्काराची शाल काढून बोर्डाला गुंडाळली आणि आम्ही दोघी खामगावच्या एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ते मागं ठेवा." काकू म्हणाल्या, "हात नोको लावू बे त्याले." तो पुढे गेला.

बोथ्याचा घाट लागला. काकू म्हणाल्या, "तुह्या बापानं जाऊन त्याले बोलाले पाहिजे होतं. दोस्त होता ना?"

"ते गेले असते तर काका आले असते का?"

"नसता आला. पन कोनीतरी तोंडावर त्याले बेइमान म्हनाले पाहिजे होतं. सगळे कलावंत कलावंतच करत राह्यले."

मी वडिलांची बाजू घेतली नाही. घेण्यासारखं काही नव्हतंच.

दोन दिवसांनी पेपरात बातमी आली. दोघांच्या शैलींचा तौलनिक वेध, मान्यवरांची उपस्थिती, आणि शेवटी एक ओळ: 'आठवणींनी कुटुंबीय भावुक.' काकूंना फोनवर वाचून दाखवली. पलीकडून एक सणसणीत शिवी आली आणि फोन बंद झाला.

मी वार्ताहराला फोन लावला. म्हटलं, भावुक नव्हतो, आम्ही दोघी चिडलो होतो, तसं छापा. तो म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा गोष्टीची दुरुस्ती कोण छापतं?" मी म्हटलं, तुम्ही छापा. पाहतो म्हणाला. अजून छापलेलं नाही. मी त्याला फोन करणं सोडलेलं नाही.