तात्यांच्या हेल्मेटची काच

माणसं वर्षानुवर्षं एकत्र गाड्या फिरवायला लागली की किस्से आपोआप साचतात. टपरीवर थांबलं की कुणीतरी सुरू करतो, "आरं, ते आठवतंय का?" झालं, चहा गार!

आम्ही तिघं. मी इंदापूरचा, मोटर रिवाइंडिंगचं दुकान. नितीन लोणी भापकरचा, टोमॅटो आणि कलिंगडवाला. आणि तात्या, वालचंदनगरला कंपनीत फिटर होते, आता रिटायर. किस्से बहुतेक तात्यांचेच, आणि तेही गाडी पुसण्याचे!

आता तात्यांना दिसत नाही. उजेड कळतो, समोर कुणीतरी उभं आहे एवढं कळतं, बस्स. गाडी कायमची बंद. आधीच सांगून टाकतो, कारण हे किस्से सांगताना मी पूर्वी पोट धरून हसायचो. आता किस्सा मध्येच सोडून चहाचे पैसे द्यायला उठतो.

*

कर्नाटकात एका लॉजवर उतरलो होतो. सकाळी नितीनने चेन पुसायला लॉजचा पांढरा टॉवेल घेतला. मॅनेजर धावत आला, नुसता आरडाओरडा!

तात्यांनी तो टॉवेल साबण लावून स्वतः धुतला. मग आपली पिशवी उघडली. काकूंच्या जुन्या साड्यांची फडकी, नीट घड्या घातलेली. टाकीचं वेगळं, काचेचं वेगळं, चेनचं वेगळं. एकेक काढून नितीनसमोर मांडायला लागले.

मॅनेजर बघतच राहिला. म्हणाला, "आप लोग घूमने आये हो या कपडा बेचने?"

*

काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली. शेगडीवर कधी फडकं मारलं न्हाय ह्यांनी!"

तात्यांनी डोकं वर केलं नाही. टाकी पुसत पुसत म्हणाले, "शेगडी कुठं ऐंशीनं पळती?"

*

हा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोकणात निघालो होतो. नाष्ट्याला थांबलो तर तात्या नितीनची गाडी पुसायला बसलेले. म्हटलं, "तात्या, त्याची का पुसताय?"

"बघवंना रं. म्हैस बरी!"

पुसता पुसता मागच्या चाकाशी त्यांचा हात थांबला. एक्सलचा नट त्यांनी दोन बोटांनी फिरवला. फिरला की! नट अडवणारी पिन कधीच पडून गेलेली, आणि पुढं नुसता घाटाचा उतार.

नितीनचं तोंड पांढरं पडलं. तात्या शांत. "फडकं मारल्याबिगर गाडीचं दुखणं कळत न्हाय," म्हणाले आणि पाना मागितला.

त्या दिवसापासून तात्यांच्या घरी टोमॅटो विकत आणलेला नाही. नितीन आणूच देत नाही.

*

गेल्या वर्षीचा गळीत हंगाम. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, दिवस मावळायच्या वेळेला धूळच धूळ. भिगवणला मासे खायला निघालो होतो. तात्या दर पाच मैलाला थांबायचे आणि हेल्मेटची काच पुसायचे.

"साफच होईना रं. ट्रॅक्टरच्या दिव्याला रंगीत कडं दिसतंय. तेलबिल उडालंय वाटतं."

मग काय, आम्ही दोघंही तज्ज्ञ! मी म्हटलं, लहान पोरांचा शाम्पू लावा. नितीन म्हणाला, टूथपेस्ट घासा. तात्यांनी सगळं केलं. "तात्या, आता काचंला भोक पडंल!" म्हणून आम्ही खिदळलो.

शेवटी बारामतीतून नवी काच आणली. पंधरा दिवसांत तात्या दुकानात भांडायला हजर. "डुप्लिकेट माल दिला तुमी! ही बी धुरकट!"

दुकानदार बिचारा हेल्मेट घालून रस्त्यावर आला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हणाला, "काका, मला तर लख्ख दिसतंय."

घरी येईपर्यंत आम्ही हसत होतो. तात्यासुद्धा हसले. जळालेल्या मोटरीचा वास मला रस्त्यावरून येतो हो, आणि एवढं धडधडीत समोर असून मला कळलं नाही! स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

*

उन्हाळ्यात काकूंनी ओळखलं. तात्या कपाच्या बाहेर चहा ओतत होते.

पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. दोन्ही डोळे. "त्रास कधीपासून आहे?"

"उसाचा कारखाना सुरू झाल्यापास्नं."

"तेव्हाच यायला हवं होतं. गेलेली नजर परत येत नाही, काका."

बाहेर पार्किंगमध्ये नितीन ढसाढसा रडला. तात्यांनी चाचपडत त्याचा खांदा धरला. म्हणाले, "तुमचा काय दोष? मीच येड्यावानी काच पुसत बसलो."

*

त्यानंतर आम्ही दोघं कुठंच गेलो नाही. मनच होईना. गेल्या महिन्यात तात्यांनीच फोन केला. "गाड्या गंजवताय व्हय? कोकणात जाऊन या. पन येताना धुवू नका. तशाच हितं आना."

म्हटलं, माणसाला धुवायची हौस आली असंल, धुवू द्या. दोन दिवस जाऊन आलो. रविवारी दुपारी चिखलानं लडबडलेल्या गाड्या त्यांच्या घरासमोर लावल्या. काकूंनी पाण्याची बादली आणून ठेवली.

तात्या स्टुलावर बसले. माझ्या पुढच्या मडगार्डवर हात ठेवला. चिखलाची एक खपली काढून बोटात चुरली, नाकाला लावली.

"ही आपली काळी. आत्ता येताना लागली."

मग नखानं त्याच्या खालचं उकरलं. तेही चुरून बघितलं, बराच वेळ. चेहरा हळूहळू मोकळा झाला. त्यांचा हात मडगार्डच्या आत, आणखी आत चालला होता.

काकूंना राहवेना. "आवो, पानी आनलंय. धुवायची न्हाय का?"

तात्यांनी हात काढला नाही.

"बादली बाजूला ठिव. आत्ता कुठं घाट लागलाय."