ठरावातले तांडेल

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कधी डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं म्हणून, कधी मुलगी माहेरी आली होती म्हणून. खरं कारण एवढंच की तांडेलांबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागणार होतं.

तांडेल एका जागी बसत नसत. चहासुद्धा उंबऱ्यात उभ्यानं घेत. एक पाय आत, एक बाहेर, नजर पाण्याकडे. रत्नागिरीजवळच्या त्या किनाऱ्यावरच्या गावात मी ग्रामसेवक म्हणून गेलो, तेव्हा होडी आणि तिचं तांडेलपण, म्हणजे खलाशांचं म्होरकेपण, त्यांच्या मुलाच्या हाती जाऊन काही वर्षं झाली होती. तरी सारा गाव त्यांना तांडेलच म्हणे. बसा म्हटलं तर म्हणत, "भाऊसाहेब, पानी बसतं काय कुठं?"

रोज सकाळी ते पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूवर, टोकापासून टोकापर्यंत चालत आणि नंतर ग्रामपंचायतीत येऊन मला वाळूची खबर देत. वाळू कुठून निघाली, कुठं जाऊन राहिली, हे ते नातेवाइकांबद्दल बोलावं तसं सांगत. पावसाळ्यात गेलेली वाळू पूर्वी दिवाळीपर्यंत परत यायची, आता येत नाही, ही त्यांची तक्रार. त्यांचे वडील ज्या माडाखाली होडी शाकारून ठेवत, त्या माडाच्या जागी आता भरतीला कमरेएवढं पाणी असे. मी ऐकत असे आणि एकीकडे घरपट्टीच्या पावत्या फाडत असे.

पुढे धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर झाला. लोकांच्या सूचना घेऊनच आराखडा पक्का करायचा, असा वरून आदेश होता. पुळणीला लागून असलेल्या शाळेच्या वर्गात सभा ठेवली. इंजिनिअरसाहेबांनी फळ्यावर नकाशा टांगला. देवळापासून खाडीच्या तोंडापर्यंत सरळसोट भिंत. तांडेल दोनदा उठून बाहेर पाणी बघून आले आणि मग नकाशासमोर उभे राहिले.

"साहेब, ही भरतीची रेघ कधीची?"

साहेब म्हणाले, जुन्या सर्वेक्षणातली आहे.

"मग समुद्राला दाखवलीत काय ती?"

वर्ग हसला. साहेबही हसले, पण कान लाल झालेले मला दिसले. तांडेल म्हणाले, आज अमावास्येचं उधाण आहे, चला, खरी रेघ दाखवतो. आणि ते निघाले. मागोमाग जवळजवळ सगळी सभा निघाली. वर्गात तोंडाला पदर लावून बसलेल्या बायका पुळणीवर पोहोचताच बोलायला लागल्या. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. भिंत खाडीच्या अलीकडेच थांबवा, वाळूला जागा ठेवा, होड्या ओढायला वाट सोडा. नाहीतर इथं अडलेलं पाणी दक्षिणेच्या वाडीत घुसेल. तांडेल हातातल्या काठीनं ओल्या वाळूवर ती जागा आखून दाखवत होते. त्यांची धाकटी बहीण त्याच वाडीत दिलेली होती.

वर्गात उरलो इंजिनिअरसाहेब, सरपंच, मी आणि दोनचार म्हातारी माणसं. साहेबांना पुढच्या गावाला जायची घाई. ठराव मी आदल्या दिवशीच लिहून आणला होता. आम्ही सगळेच तसं करत असू. फक्त सूचक आणि अनुमोदक यांची नावं घालायची होती. अनुमोदक म्हणून सरपंच तयार झाले. सूचक गाव ज्याचं ऐकतो असा असावा, साहेब म्हणाले. नाव त्यांनी सांगितलं नाही, सरपंचांनीही नाही. ते मी घातलं. हजेरीच्या वहीत तांडेलांची सही होतीच. बाहेर चाललेल्या बोलण्यातलं एक अक्षर मी इतिवृत्तात घेतलं नाही. शेवटी लिहिलं, सर्वानुमते मंजूर.

भिंत झाली, नकाशाबरहुकूम. दुसऱ्या पावसाळ्यात दक्षिणेच्या वाडीत पाणी शिरलं. तांडेलांच्या बहिणीची पडवी गेली, अंगणातले माड आडवे झाले. वाडीतल्या कुणीतरी अर्ज करून ठरावाची नक्कल काढली आणि नाव सगळ्या गावानं वाचलं. बहीण त्यांच्या दारात येऊन म्हणाली, "माझ्या घरात समुद्र आणलास तू." त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

माझी तोवर पालीकडे बदली झाली होती. तांडेल दोन एसट्या बदलून कार्यालयात आले. त्या दिवशी ते बसले. खुर्चीत, हात मांडीवर ठेवून.

"भाऊसाहेब, तुमी एकदा या नि तिला सांगा, हा तेव्हा बाहेर होता म्हणून. बाकी काय नको मला."

नाव कसं आलं ते त्यांनी विचारलंच नाही. लिहिताना गडबड झाली असेल, होते माणसाची चूक, असं तेच म्हणाले, जणू मलाच धीर देत होते. मी म्हटलं, बघतो. निवृत्तीला दोन वर्षं होती. खोटं इतिवृत्त लिहिल्याचं कबूल केलं तर चौकशी लागणार. मी बघत राहिलो.

निवृत्त झाल्यावर एकदा गेलो. तांडेल अंथरुणाला खिळले होते. वाक्य मी एसटीत घोकून ठेवलं होतं. त्यांनी माझे गुडघे कसे आहेत विचारलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं, वर थट्टाही केली की सरकारनं तुम्हाला सोडलं, आता तरी जरा बरे दिसा. वाडीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. शेवटच्या एसटीचं निमित्त करून उठलो.

पुढच्या महिन्यात ते गेले. बाराव्याला मी गेलो होतो. त्यांची बहीण ओटीच्या कोपऱ्यात बसली होती. मला ओळखून जवळ आली.

"तुमीच लिवलंत ना तेव्हा सगळं? त्यानं खरंच सुचवलं होतं काय हो?"

सभोवार माणसं होती. मी म्हटलं, जुनी गोष्ट, नीट आठवत नाही. ती मान हलवून म्हणाली, "तो शेवटपर्यंत नायच म्हणत होता." आणि आत गेली.

बाई, मला सगळं आठवत होतं. तुमचा भाऊ त्या वेळी पुळणीवर उभा राहून तुमच्याच घराविषयी बोलत होता. त्याचं नाव मी घातलं. "तांडेल, तुमच्या नावावर मी खोटं लिहिलं, मला माफ करा," एवढंच वाक्य मी एसटीत घोकलं होतं.