बिघडलेल्या प्लेटांचा शनिवार

फोन आला तेव्हा मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होते. "मॅडम, परब बाई गेल्या," शैलाची विद्यार्थिनी मानसी म्हणाली. झोपेतच गेली म्हणे. आयुष्यात एकही गोष्ट भांडल्याशिवाय न मिळवलेली शैला परब जाताना मात्र कुणाशीही वाद न घालता गेली, याचा मला आधी रागच आला. आता काही आठवडे उलटलेत. राग ओसरलाय आणि मागे उरलाय तो निव्वळ अभिमान. तेव्हा हे रडगाणं नाही, आधीच सांगून ठेवते.

परळच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी पीएच.डी.ला बरोबरच लागलो. मी दादरची, इस्त्रीच्या साड्यांतली. ती लालबागच्या चाळीतली. तिचे बाबा गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते आणि छातीत खोकला घेऊनच घरी यायचे. मग संप झाला, भोंगे थांबले. शैलाच्या आईने लोकांचे मसाले कुटून द्यायला सुरुवात केली. शैला सकाळी आईबरोबर मिरची कुटायची आणि तशीच प्रयोगशाळेत यायची. ती शेजारी बसली की मला शिंका यायच्या, आणि मी शिंकले की ती म्हणायची, "दादरच्या नाकाला झेपत नाय."

आमचं काम मॅक्रोफेजवर होतं. मॅक्रोफेज म्हणजे शरीरात शिरलेली घाण आणि जंतू गिळणाऱ्या पेशी. आमचे सर मोठे शिस्तीचे. ते शिकवायचे की जंतूवर आधी प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, चिकटतात, आणि त्या खुणेवरून पेशी त्याला पकडते. एके दिवशी शैलाच्या पेशी वाढवायच्या डिशमध्ये तिच्या केसांतला मसाला पडला. सगळी डिश वाया गेली. सर तिला भरपूर बोलले आणि फेकून दे म्हणाले. ती हो म्हणाली आणि फेकायच्या आधी डिश सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "धरल्यान." म्हणजे धरलं, तिच्या घरच्या मालवणीत. मी जाऊन पाहिलं. पेशींची पोटं तांबूस कणांनी गच्च भरली होती. "यात प्रतिपिंड कुठेयत?" ती मला विचारू लागली. "मालवणी मसाल्याची यांना ओळख कोणी करून दिली?"

त्या काळात या पेशींवरचे काही रिसेप्टर, म्हणजे पकडायचे हात, नुकतेच माहीत झाले होते. बिघडलेली चरबी उचलणारे म्हणून त्यांना स्कॅव्हेंजर, म्हणजे सफाईवाले, असं नाव पडलं होतं. शैलाच्या डोक्यात बसलं की हेच जंतूंनाही थेट धरत असणार, कुणी ओळख करून न देता. सरांना ते पटेना. या पेशी काचेलाही चिकटतात, त्याला ओळखणं म्हणायचं का, हा त्यांचा सवाल. पावसाळ्याआधी सिद्ध कर, नाहीतर मी देतो तो विषय घे, असं त्यांनी बजावलं. इकडे घरी मामांनी बँकेतली नोकरी पाहून ठेवली होती. संपात बसलेल्या घराला ती नको कशी असेल? शैला नाही म्हणायच्या बेतात नव्हतीच. निर्णय आईने दिला, मुसळ खाली न ठेवता. "तुझा काम तू पुरा कर. मिरची कुटूक मी आसंय."

बाबांना तिने सगळं समजावून सांगितलं तेव्हा मी तिथेच चहा पीत होते. चाळीत परका माणूस शिरला की पहिल्या खोलीतली म्हातारी 'कोणाकडे?' म्हणून हटकते, तिला काही आधी नाव कळवलेलं नसतं, तशा या पेशी, असं ती म्हणाली. बाबा बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "माझ्या छातीत पण आसत काय गो ते?"

"आसत. तुम्ही संपावर आसात, ते नाय."

बाबा इतके हसले की परत खोकला आला.

परीक्षेचा दिवस ठरला. शैलाने एकमेकांसारखे दिसणारे दोन पदार्थ आणले होते. एक त्या रिसेप्टरवर जाऊन बसणारा, दुसरा न बसणारा. पहिल्याने पेशींचे हात आधीच अडकले, तर जंतू बाहेर राहायला हवेत. दुसऱ्याने काही फरक पडायला नको. नुसताच चिकटपणा असता तर दोन्हीकडे सारखंच दिसलं असतं. सरांनी डिशवरची नावं कागद चिकटवून झाकली आणि बघायला मला बसवलं. शैलाला खोलीबाहेर काढलं. मी एकेक डिश पाहून सांगत गेले, "भरलेल्या... भरलेल्या... रिकाम्या." सरांनी कागद सोलले. जिथे जिथे मी रिकाम्या म्हटलं होतं तिथे तिथे पहिला पदार्थ होता, आणि एकही चूक नव्हती. सरांनी चष्मा पुसला, स्वतः जाऊन दार उघडलं आणि म्हणाले, "परब, लिहायला घ्या."

बाबांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. शैला मात्र डॉक्टर झाली आणि पुढे त्याच प्रयोगशाळेची प्रमुखही. पुढच्या वर्षांत जगभरातून असे रिसेप्टर एकामागून एक सापडत गेले. जंतूंना, धुळीला, बुरशीला थेट धरणारे. नम्र वगैरे ती नव्हतीच. दर बातमीला मला फोन करायची, "बघ, मी काय म्हणत होते?" मी तोवर संशोधन सोडून कॉलेजात शिकवत होते आणि तिचा हा तोरा मनापासून एन्जॉय करत होते.

तिने प्रयोगशाळेत एक रिवाज पाडला होता. बिघडलेली प्लेट, म्हणजे पेशींची डिश, फेकायची नाही. आठवड्याभराच्या जमवून ठेवायच्या आणि शनिवारी चहाबरोबर सगळ्यांनी मिळून बघायच्या. ती गेल्यावर पहिल्याच शनिवारी मी तिकडे गेले. वाटलं, शोकसभा असेल. तर चहा उकळत होता, टेबलावर प्लेटा मांडल्या होत्या आणि सूक्ष्मदर्शकापुढचं तिचं स्टूल रिकामं होतं. मानसीने मला त्यावर बसवलं. तिची प्लेट बुरशीने खराब झाली होती. किती वर्षांनी मी असं वाकून बघत होते... आधी सगळं धूसर, मग हळूहळू स्पष्ट. बुरशीच्या कणांभोवती पेशी दाटल्या होत्या, काहींनी तर गिळलंही होतं. पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय दिसतंय, मॅडम?"

जन्म दादरला काढलेल्या माझ्या तोंडून निघालं, "धरल्यान."